नाण्यांचा काटा, पार्सलचा काटा : निवड आणि पारख

नाणे आणि वजन यांचे नाते फार जुने आहे. एके काळी नाणे हेच वजन होते. इंग्रजी अमदानीत १८३३ मध्ये १८० ग्रेनचा तोळा प्रमाण मानण्यात आला आणि १८३५ च्या नाणेविषयक कायद्याने कंपनीच्या मुलखात त्याच वजनाचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा, चांदीचा रुपया चलनात आला. एक रुपया म्हणजे एक तोळा, ऐंशी रुपये म्हणजे एक पक्का शेर आणि चाळीस शेर म्हणजे एक मण, असा हिशेब त्यामुळे सोपा झाला. वजने हाताशी नसली, तर पारड्यात रुपये टाकून जिन्नस जोखला जाई. सराफाच्या ताजव्यात गुंजा आणि मासे यांच्या जोडीला रुपयाही असे.

१ एप्रिल १९५७ पासून देशात दशमान नाणी आली. १९५६ च्या वजने व मापे प्रमाणीकरण अधिनियमानुसार १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनांचा वापर टप्प्याटप्प्याने सुरू झाला. शेर आणि तोळा व्यवहारातून गेले, रुपयातील चांदीही गेली. तथापि नाणी काट्यावर घालण्याचे काम संपलेले नाही. देवस्थानांच्या दानपेट्या, आठवडी बाजार, किराणा दुकाने आणि प्रवासी वाहतूक यांच्याकडे रोज सुट्या नाण्यांच्या राशी जमतात. एकेक नाणे हाताने मोजणे वेळखाऊ असल्याने ती वजनाने मोजली जातात. दुसरीकडे टपालाने व कुरिअरने माल पाठविणारे लहान उद्योजक आणि महिला बचत गट यांची संख्या वाढत आहे. पापड, मसाले, हातमागाचे कापड, पुस्तके अशा वस्तूंची पार्सले घरातून निघू लागली आहेत. या दोन्ही ठिकाणी काटा चुकला तर नुकसान थेट पदरी पडते, आणि ते थोडे थोडे होत असल्यामुळे बराच काळ लक्षातही येत नाही.

काटा विकत घेताना बहुधा दोनच गोष्टी पाहिल्या जातात : किंमत आणि जास्तीत जास्त किती वजन मोजता येते ही क्षमता. मोठा काटा घेतला म्हणजे लहानमोठे सर्वच मोजता येईल, अशी समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. काटा त्यावर ठेवावयाच्या भाराला अनुरूप असला पाहिजे, हे निवडीचे पहिले सूत्र होय.

काट्यावरील पट्टी काय सांगते?

व्यापारात वापरण्यासाठी बनविलेल्या प्रत्येक काट्यावर एक पट्टी असते. तीवर उत्पादकाचे नाव, काट्याचा अनुक्रमांक, अचूकतेचा वर्ग, कमाल क्षमता, किमान क्षमता आणि ‘ई’ या इंग्रजी अक्षरापुढे एक आकडा दिलेला असतो. ग्राहकाच्या दृष्टीने हा शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. ज्या लहानात लहान टप्प्याच्या आधारे त्या काट्याची पडताळणी होते, तो टप्पा म्हणजे ‘ई’. काट्यात किती चूक क्षम्य मानावयाची, हे त्यावरूनच ठरते.

अचूकतेचे चार वर्ग आहेत. पहिला वर्ग विशेष अचूकतेचा असून तो मुख्यत्वे प्रयोगशाळांसाठी असतो. दुसरा उच्च अचूकतेचा, सराफी पेढीवर आढळणारा. तिसरा मध्यम अचूकतेचा. किराणा दुकान, भाजी मंडई आणि पार्सल कार्यालय येथील बहुतेक काटे या वर्गातील असतात. चौथा वर्ग साधारण अचूकतेचा आहे.

तिसऱ्या वर्गातील काट्यावर पडताळणीच्या वेळी ‘ई’च्या ५०० पटीपर्यंतच्या भारास अर्ध्या टप्प्याची, ५०० ते २,००० पटीपर्यंत एका टप्प्याची आणि त्यापुढे दीड टप्प्याची चूक चालते. काटा वापरात आल्यानंतर ही मर्यादा दुप्पट धरली जाते. त्याचप्रमाणे ‘ई’च्या वीसपटीहून कमी वजन अशा काट्यावर मोजू नये, असा दंडक आहे. म्हणजे ३० किलो क्षमतेच्या आणि ५ ग्रॅम टप्प्याच्या काट्यावर १०० ग्रॅमपेक्षा हलकी वस्तू ठेवणे व्यर्थ होय. तो काहीतरी आकडा दाखवील, परंतु त्या आकड्यावर विसंबता येणार नाही.

नाणी वजनाने मोजताना

नाण्यांच्या बाबतीत पहिली अडचण काट्याची नसून नाण्यांचीच आहे. एकाच किमतीची नाणी निरनिराळ्या वजनांची आहेत. २०१९ च्या मालिकेतील १ रुपयाचे नाणे ३.०९ ग्रॅमचे आहे. २०११ च्या मालिकेतील ३.७९ ग्रॅमचे, आणि १९९२ पासून काढलेले पोलादी नाणे ४.८५ ग्रॅमचे. २ रुपयांचे नाणे २०११ च्या मालिकेत ४.८५ ग्रॅमचे, तर २०१९ च्या मालिकेत ४.०७ ग्रॅमचे आहे. ५ रुपयांचे जुने जाड नाणे ९ ग्रॅमचे, २०११ चे ६ ग्रॅमचे आणि २०१९ चे ६.७४ ग्रॅमचे आहे. १० रुपयांच्या नाण्यांत मात्र फारसा फरक नाही. २०११ चे ७.७१ ग्रॅम, तर २०१९ चे ७.७४ ग्रॅम भरते. २० रुपयांच्या बारा कोनी नाण्याचे वजन ८.५४ ग्रॅम आहे.

या आकड्यांत एक योगायोग दडलेला आहे. १ रुपयाचे जुने पोलादी नाणे आणि २०११ च्या मालिकेतील २ रुपयांचे नाणे ही दोन्ही ४.८५ ग्रॅमची आणि २५ मिलिमीटर व्यासाची आहेत. काट्याला त्यांतील फरक कळणे शक्य नाही. तेव्हा वजन करण्यापूर्वी नाणी किमतीनुसार आणि मालिकेनुसार वेगळी करणे अपरिहार्य आहे.

हे न केल्यास काय होते, ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. १ रुपयाच्या १,००० नाण्यांची एक रास आहे. त्यांतील ५०० नाणी २०११ ची आणि ५०० नाणी २०१९ ची आहेत. त्यांचे एकूण वजन ३,४४० ग्रॅम भरेल. हे वजन ३.०९ ने भागले तर १,११३ नाणी असल्याचे दिसेल, आणि ३.७९ ने भागले तर ९०८. प्रत्यक्षात नाणी हजारच आहेत. पहिल्या हिशेबात नसलेले ११३ रुपये जमेस धरले गेले. दुसऱ्यात हातचे ९२ रुपये नाहीसे झाले. दोन्ही वेळा काटा निर्दोष होता. पुढे भरण्याच्या वेळी तूट उघड झाली, तर संशय मात्र मोजणाऱ्या माणसावर येतो.

दुसरी चूक नमुन्याच्या वजनाबाबत होते. काही काट्यांवर नग मोजण्याची सोय असते. त्यासाठी आधी एका नगाचे वजन काट्याला द्यावे लागते. १ ग्रॅम टप्प्याच्या काट्यावर ३.०९ ग्रॅमचे नाणे ठेवले, तर आकडा ३ ग्रॅमच दिसेल. त्या आधारावर १,००० नाण्यांच्या ३,०९० ग्रॅम वजनाला भागले, तर १,०३० नाणी निघतात. यावर उपाय सोपा आहे. एका नाण्याऐवजी हाताने नीट मोजलेली १०० नाणी ठेवावीत आणि त्यांच्या वजनावरून सरासरी काढावी. टांकसाळीतून बाहेर पडतानाच नाण्यानाण्यांत किंचित फरक असतो आणि वापराने ती झिजतातही. शंभरांच्या सरासरीत हे फरक बऱ्याच अंशी मिटतात.

तिसरा मुद्दा काट्याच्या क्षमतेचा. वर दिलेल्या नियमानुसार ३० किलो क्षमतेच्या व ५ ग्रॅम टप्प्याच्या वापरातील काट्यावर ३ किलोच्या आसपास १० ग्रॅमपर्यंत चूक क्षम्य ठरते. १ रुपयाच्या नव्या नाण्यांच्या भाषेत ही चूक तीन नाण्यांची झाली. ६ किलो क्षमतेच्या व १ ग्रॅम टप्प्याच्या काट्यावर तेवढ्याच भाराला ३ ग्रॅमची, म्हणजे जवळजवळ एका नाण्याची चूक संभवते. त्याच लहान काट्यावर शंभर शंभर नाण्यांच्या पिशव्या वेगवेगळ्या तोलल्या, तर चूक १ ग्रॅमच्या आत राहते. ३०९ ग्रॅमच्या पिशवीत एखादे नाणे कमी असल्यास ते बहुधा लगेच लक्षात येते. शंका आल्यास तेवढीच पिशवी हाताने मोजावी. रास एकदम तोलण्यापेक्षा लहान पिशव्या तोलणे अधिक विश्वसनीय असते, ते यामुळेच.

या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेल्या सूचनांमध्ये विशेषतः १ व २ रुपयांची नाणी वजनाने स्वीकारावीत असे म्हटले असून, शंभर नाण्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या रोखपाल आणि ग्राहक या दोघांनाही सोयीच्या ठरतील, असेही नमूद केले आहे. म्हणजे मोजणीसाठी केलेल्या पिशव्या भरण्याच्या वेळीही उपयोगी पडतात.

नाणी खरी की खोटी, किंवा जुने चांदीचे नाणे पूर्ण वजनाचे आहे की नाही, हे पाहावयाचे असल्यास मात्र किराणा दुकानातील काटा कामाचा नाही. त्यासाठी ३०० ग्रॅमपर्यंत क्षमतेचा आणि ०.०१ ग्रॅम टप्प्याचा, दुसऱ्या वर्गातील काटा योग्य ठरतो. त्यावरही वजन हा केवळ एक पुरावा मानावा. व्यास, जाडी आणि छाप यांचीही तपासणी आवश्यक असते.

पार्सल तोलताना

पार्सलची गोष्ट वेगळी आहे. तेथे ग्रॅमच्या शंभराव्या भागाला महत्त्व नाही. महत्त्व आहे दराच्या टप्प्याला. टपाल व कुरिअर यांचे दर वजनाच्या टप्प्यांनी वाढतात. समजा, टप्पा ५०० ग्रॅमचा आहे. माल ४८० ग्रॅमचा असला आणि खोका, कागद व चिकटपट्टी यांचे वजन ६० ग्रॅम झाले, तर पार्सल ५४० ग्रॅमचे होऊन पुढच्या टप्प्यात जाते. घरच्या काट्यावर फक्त माल तोलून ग्राहकाकडून टपालखर्च आकारला, तर फरकाची रक्कम पाठविणाऱ्याला सोसावी लागते. म्हणून पार्सल पूर्ण बांधून झाल्यावरच तोलावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणासारख्या दमट भागात, पुठ्ठ्याचा खोका ओल शोषून जड होतो. टप्प्याच्या अगदी काठावरचे पार्सल अशा दिवसांत पलीकडे जाण्याचा संभव असतो. थोडी सवड ठेवणे हिताचे.

हलक्या पण आकाराने मोठ्या पार्सलांना आणखी एक नियम लागू होतो. अनेक वाहतूक सेवा पार्सलची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात आणि त्यास ५,००० ने भागून ‘आकारमानी वजन’ काढतात. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यांपैकी जे जास्त असेल, त्यानुसार शुल्क घेतले जाते. ३० सेंटिमीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद व २० सेंटिमीटर उंच खोक्याचे आकारमानी वजन ३ किलो होते, मग त्यात कुरडया भरून प्रत्यक्ष वजन सव्वा किलो का असेना. येथे कोणताही काटा साहाय्य करू शकत नाही. काट्याशेजारी मोजपट्टी ठेवणे आणि मालाला बेताचा खोका वापरणे हाच मार्ग आहे.

पार्सलांसाठी काटा निवडताना महिनाभरात जाणाऱ्या सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या पार्सलांची नोंद प्रथम काढावी. बहुतेक पार्सले ५ किलोच्या आतील असतील, तर ६ किलो क्षमतेचा व १ ग्रॅम टप्प्याचा काटा पुरतो. एखादे जड पार्सल महिन्यातून एकदाच जात असेल, तर त्यासाठी मोठा काटा घेऊन रोजच्या कामातील अचूकता गमावणे शहाणपणाचे नाही. याउलट रोज १५–२० किलोची खोकी जात असतील, तर ३० किलोचा काटा आणि मोठे पारडे आवश्यक आहे. खोका पारड्याबाहेर टेकत असेल किंवा त्याने समोरचा आकडा झाकला जात असेल, तर तो काटा त्या कामाचा नाही.

पाकिटातील निव्वळ वजन

माल पाकिटबंद करून विकणाऱ्यांची जबाबदारी अधिक आहे. २०११ च्या वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार पाकिटावर निव्वळ वजन छापणे बंधनकारक आहे. निव्वळ वजन म्हणजे वेष्टन वगळून आतील वस्तूचे वजन. येथे काट्यावरील ‘टेअर’ ही कळ उपयोगी पडते. रिकामे पाकीट काट्यावर ठेवून ती दाबली, की आकडा शून्यावर येतो आणि पुढे केवळ मालाचे वजन दिसते.

ही कळ न वापरता २०० ग्रॅम पापडांची पाकिटे भरली, आणि पाकिटाचे वजन ६ ग्रॅम असले, तर प्रत्येक ग्राहकाला १९४ ग्रॅमच पापड मिळतात. नियमांत २०० ग्रॅमच्या एखाद्या पाकिटात ९ ग्रॅमपर्यंतची तफावत क्षम्य आहे हे खरे. परंतु तपासणीसाठी घेतलेल्या पाकिटांची सरासरी छापील वजनापेक्षा कमी भरता कामा नये, अशीही अट आहे. सर्वच पाकिटे ६ ग्रॅमने कमी असतील, तर सरासरीही तेवढीच कमी येणार. हेतू प्रामाणिक असूनही गट दोषी ठरतो आणि वर्षानुवर्षे कमावलेला ग्राहकांचा विश्वास एका तपासणीत जातो.

खरेदीच्या वेळी घ्यावयाची दक्षता

बाजारात स्वयंपाकघरासाठी अल्प किमतीचे काटे मिळतात. घरगुती उपयोगास ते ठीक आहेत. तथापि त्यांची शासकीय पडताळणी झालेली नसते आणि अनेकांवर ‘व्यापारासाठी नाही’ अशी सूचनाही असते. अशा काट्यावर देवघेवीचा व्यवहार करणे वैधमापन अधिनियम, २००९ अन्वये निषिद्ध आहे. हा अधिनियम १ एप्रिल २०११ पासून अंमलात आला. व्यापारासाठी घ्यावयाच्या काट्याचा नमुना केंद्र शासनाने मान्य केलेला असावा, विक्रेता परवानाधारक असावा, काट्यावर पडताळणीची मुद्रा असावी आणि तिचे प्रमाणपत्र सोबत मिळावे. मुद्रेवर वर्षाचे अंक आणि तिमाही दर्शविणारे अक्षर असते. त्यावरून पुढील पडताळणी केव्हा करावयाची, हे समजते. इलेक्ट्रॉनिक काट्यांची पडताळणी दर १२ महिन्यांनी, तर वजने व दांडीचा तराजू यांची दर २४ महिन्यांनी करून घ्यावी लागते. राज्यात हे काम वैधमापन शास्त्र यंत्रणेमार्फत चालते.

इलेक्ट्रॉनिक काट्याचे कार्य समजून घेतल्यास पडताळणीचे महत्त्व पटते. पारड्याखाली धातूचा एक ठोकळा असतो. भार पडला की तो अत्यल्प वाकतो. त्यावर चिकटविलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध त्यामुळे बदलतो आणि त्या बदलाचे रूपांतर आकड्यात होते. क्षमतेहून अधिक भार टाकला किंवा काटा आदळला, तर ठोकळा कायमचा वाकू शकतो. शिवाय हा काटा पृथ्वीची ओढ मोजतो, आणि ती सर्वत्र सारखी नसते. दिल्लीत तंतोतंत जुळविलेला काटा तसाच मुंबईत आणला, तर किलोमागे सुमारे अर्धा ग्रॅम कमी दाखवील. म्हणून काटा जेथे वापरावयाचा, तेथेच प्रमाण वजनांनी जुळवून घेणे श्रेयस्कर. दांडीच्या तराजूत ही अडचण येत नाही, कारण ओढ दोन्ही पारड्यांवर सारखीच बदलते.

रोजची पाच मिनिटे

वार्षिक पडताळणी झाली म्हणजे वर्षभर निश्चिंत राहावे, असे नव्हे. काटा सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवावा. पंख्याच्या वाऱ्यात किंवा उन्हात ठेवू नये. काम सुरू करण्यापूर्वी तो काही मिनिटे चालू ठेवावा. रिकाम्या पारड्यावर शून्य दिसते की नाही, हे पाहावे. मुद्रांकित वजन मध्यभागी आणि नंतर चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहावे. आकडा सारखाच यावयास हवा. वजन उचलल्यावर आकडा पुन्हा शून्यावर परतला पाहिजे. दांडीचा तराजू असल्यास रिकामी पारडी समतोल आहेत ना, हे पाहून पासंग तपासावा, आणि माल व वजने यांची पारडी अदलाबदल करून पुन्हा तोलावे. तफावत आढळल्यास काट्याची मुद्रा स्वतः तोडू नये. परवानाधारक दुरुस्तकाकडून काम करून घेऊन काटा पुन्हा पडताळून घ्यावा.

यासाठी एक किलोचे आणि एक दोनशे ग्रॅमचे मुद्रांकित वजन जवळ बाळगणे पुरेसे आहे. या लहान वजनामागे मोठी परंपरा उभी असते. दुकानातील वजन निरीक्षकाच्या प्रमाण वजनाशी ताडले जाते. ते त्याहून वरच्या प्रमाण वजनांशी. आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील राष्ट्रीय प्रमाणापर्यंत पोहोचते. राज्यांना लागणारी प्रमाण वजने तयार करण्याचे काम मुंबईच्या टांकसाळीने केले आहे. ज्या वास्तूत नाणी पाडली जातात, तेथेच वजनेही घडावीत, यात नाणे आणि वजन यांचे जुने नाते टिकून असल्याचे दिसते.

काटा घेण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. कोणता भार रोज तोलावयाचा आहे? त्यात किती चूक परवडेल? आणि काट्यावर मुद्रा आहे काय? यांची उत्तरे मिळाली, की क्षमता, टप्पा आणि वर्ग आपोआप ठरतात. नाण्यांसाठी आणि पार्सलांसाठी एकच काटा पुरेल की दोन लागतील, हेही त्यावरूनच कळते. मापात पाप नसावे, अशी आपल्या लोकव्यवहाराची शिकवण आहे. ती पाळण्यासाठी मनाच्या सचोटीइतकीच काट्याची सचोटीही आवश्यक आहे.